वाचकांचे प्रश्न : ऑफ-रोड ट्रकच्या केबिनची मजबुती

प्रश्न : माझा ऑफ-रोड ट्रक जुना असून त्याची केबिन चॅसिसवर वेगळी बसवलेली आहे. केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत पत्र्याला तडे गेले आहेत. आत रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारी पाइपची चौकट) बसवून ती थेट चॅसिसला वेल्ड करावी, असा सल्ला मला मिळाला आहे. सीट, वायरिंग आणि फ्लोअरिंगही नव्याने करायचे आहे. हा सल्ला योग्य आहे का, आणि कामाचा क्रम कसा ठेवावा?

उत्तर : केज चॅसिसला थेट वेल्ड करू नये. खडबडीत जमिनीवर चॅसिस पिळली जाते आणि तो पीळ केबिनपर्यंत पोहोचू नये म्हणूनच दोहोंमध्ये रबरी माउंट दिलेले असतात. रबर कडक झाले, दबले किंवा माउंटभोवतीचा पत्रा गंजला, की सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. तुमच्या ट्रकमध्येही बहुधा हेच झाले असावे. केबिनला आणि चॅसिसला दोन्हीकडे घट्ट जोडलेली केज रबराचे काम बंद पाडते, आणि आज बुजवलेले तडे उद्या दुसरीकडे उघडतात. म्हणून आधी माउंट बदलावेत. तड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिमीचे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग वेल्ड करून वर गोल कोपऱ्यांची पट्टी द्यावी, कारण चौकोनी पट्टीच्या टोकाशी नवा तडा हमखास सुरू होतो.

केज केबिनच्या आतच पूर्ण करून तिचे पाय माउंटच्या शक्य तितके जवळ उतरवावेत. गाडी उलटली तर भार केजमधून माउंटवर आणि तिथून चॅसिसवर जातो, त्यामुळे माउंटचे बोल्ट आणि त्यांखालच्या प्लेटा कमकुवत असतील तर उत्तम केजही केबिनसकट निखळू शकते. काही कारणाने चॅसिसपर्यंत पाइप न्यावाच लागला, तर तिथे रबरी बुश (जोडाला लवचिक ठेवणारी रबरी नळी) द्यावा.

स्पर्धेत उतरायचे नसले तरी मापांसाठी एफआयएचे (मोटर शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) नियम पाहावेत. मुख्य चापासाठी, म्हणजे सीटमागच्या उभ्या कमानीसाठी, किमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमीचा, सांधा नसलेला कोल्ड ड्रॉन (थंड स्थितीत ओढून बनवलेला) पाइप त्यांत सांगितला आहे. पाण्याच्या नळाचा पाइप कधीही वापरू नये. बाक थंड स्थितीत द्यावा, त्याची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी असावी आणि आतल्या बाजूला सुरकुती पडलेला तुकडा बाजूला काढावा. मुख्य चापात तिरका पाइप हवाच. त्याच्याशिवाय चौकट बाजूच्या धक्क्याने कलते. पाय पातळ पत्र्यावर न टेकवता, पत्र्याला वेल्ड केलेल्या किमान ३ मिमी जाडीच्या प्लेटवर बोल्टने बसवावेत. ४५ × २.५ मिमीच्या पाइपचे वजन मीटरला सुमारे २.६ किलो भरते आणि त्यातले बरेच छताजवळ असते, म्हणून हौसेखातर पाइप वाढवू नयेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : हेल्मेटशिवाय रोज चालवायच्या गाडीत डोक्याजवळचा उघडा पाइप अपघातात जीवघेणा ठरू शकतो. तो डोक्यापासून दूर ठेवून त्यावर केजसाठीचे कठीण फोम पॅडिंग लावावे. पडदा एअरबॅग (छताच्या कडेतून खिडकीवर उघडणारी) असेल, तर तिच्या उघडण्याच्या वाटेत पाइप येता कामा नये.

आतले काम वेल्डिंग पूर्ण संपल्यावरच हाती घ्यावे. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूची (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) जोडणी काढावी, जवळचे कापड व फोम बाहेर घ्यावेत. नंतर उघडा पत्रा घासून इपॉक्सी प्रायमर आणि सांध्यांवर सीलर द्यावा. सीटचे बोल्टही पत्र्याखालच्या प्लेटमध्ये किंवा क्रॉस मेंबरमध्येच (आडव्या आधारपट्टीत) घ्यावेत. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारे कडे) आणि बॅटरीजवळ फ्यूज असावा. फ्लोअरवर पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घालावा. साधा स्पंज ओढा ओलांडल्यावर ओलावा धरून ठेवतो आणि खालचा पत्रा दिसू न देता गंजवतो. ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकांची बुचे) झाकू नयेत, आणि फ्लोअरिंग चिकटवण्याऐवजी क्लिपांवर बसवावे, म्हणजे माउंटचे बोल्ट आणि वेल्ड वेळोवेळी तपासता येतील.