कुत्रा सारखा कान खाजवतो, वासही येतो. घरी काय करावं?

पावसाळ्यात नागपुरात लॅब्राडोर, कॉकरसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हा त्रास फार. कानाची पाळी उलटून बघा: तपकिरी चिकट मळ, आंबूस वास असेल तर बहुधा यीस्ट; पिवळा पू असेल तर जिवाणू. पण नुसतं बघून औषध टाकू नका! कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांच्या थेंबांनी बहिरेपण येऊ शकतं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे आधी कान तपासून घ्या.

मग त्यांनी दिलेलं क्लीनर कान भरेल इतकं ओता, कानाच्या बुडाशी बाहेरून अर्धा मिनिट चोळा (पचपच आवाज यायला हवा), डोकं झटकू द्या, कापसाने दिसेल तेवढंच पुसा. इअरबड नको, कानाची नळी आत वळते, मळ खोल ढकलला जातो. खाज थांबली तरी डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांचा कोर्स पूर्ण करा. डोकं एका बाजूला कललं तर त्याच दिवशी दाखवा.