ब्लाउजचे हुक लागतात का, ते पाहा

प्रश्न : सासूबाईंचं (वय ६३) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता किमो सुरू आहे : दर २१ दिवसांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि त्यासोबत १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. पहिल्या सलाइनच्या दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून दुधाची पिशवी काढताना त्यांच्या बोटांना करंट बसल्यासारखं झालं, गार पाणी प्यायल्या तर घसा आवळला. 'मला हे औषध सोसत नाही, बंद करू, डॉक्टरांना सांगू नकोस,' म्हणतात. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा द्यायला सांगतात. काय करू?
– एक सून, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना जवळ बसवून हे सांगा : त्यांना झालं ते या औषधाचं नेहमीचं लक्षण आहे. ऑक्झॅलिप्लॅटिनमध्ये प्लॅटिनम असतं, आपल्या सराफ्यात दागिन्यांत दिसतं तोच धातू. ते नसांना हुळहुळं करतं, म्हणून गारव्याचा चटका बसतो. घसा आवळल्यासारखा वाटतो, जीव घाबरतो, पण बहुतेक वेळा कोमट पाण्याचे घोट घेतले की सुटतो. खरोखरच धाप लागली, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा. हा त्रास बहुधा थोड्या दिवसांत ओसरतो. तोवर फ्रिजला त्यांनी हात लावू नये, माठातलं पाणी पिऊ नये आणि डिसेंबरात इंदूरच्या गार फरशीवर अनवाणी चालू नये.

मला काळजी वाटते ती 'डॉक्टरांना सांगू नकोस' या शब्दांची. मी किमोच्या वॉर्डात २६ वर्षं नर्स होते, तरी माझ्या सख्ख्या दादानं हेच औषध घेताना बोटं बधिर झाल्याचं माझ्यापासून लपवलं. त्याला वाटलं, सांगितलं तर औषध बंद करतील आणि आजार उलटेल. एका सकाळी वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावून देताना दिसली, तेव्हा मला कळलं. त्याचे तळवे पुढे कित्येक महिने बधिर राहिले. वेळेत सांगितलं असतं, तर डॉक्टरांना डोस कमी करता आला असता, किंवा सलाइन थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवता आल्या असत्या.

म्हणून गारव्याचा चटका आणि न जाणारा बधिरपणा, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. सासूबाईंना ब्लाउजचे हुक लावता येतात का, सुईत दोरा ओवता येतो का, ते दर दोन-तीन दिवसांनी पाहा आणि वहीत तारखेसह लिहा. पुढच्या सलाइनआधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी गोळी गिळायची. चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले, किंवा नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अशक्तपणासाठी घरात एखादं टॉनिक असेल, तर त्यावर फॉलिक अॅसिड लिहिलंय का ते वाचा. त्यानं या गोळीचा त्रास वाढतो. गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा काढा नको. काकूंना वाईट वाटू देऊ नका, त्यांच्या हातची मुगाची पातळ खिचडी चालेल म्हणावं.

आणि ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. अशा वेळी पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, आणि मग इन्फेक्शन काही तासांत वाढतं.

पुढच्या सलाइनला जाताना पिशवीत लोकरीचे हातमोजे, मफलर आणि थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. परतताना रिक्षात वारा लागतो, तेव्हा नाक-तोंड मफलरनं झाकून घ्यायला सांगा.