‘पोल’ म्हणजे ध्रुव नव्हे, खांब

प्रश्न असा आहे: फॉर्म्युला वनच्या बातमीत ‘पोल मिळवला’ लिहावे की ‘पोल जिंकला’? आणि ‘पोल पोझिशन’ला, म्हणजे शर्यत सुटताना सर्वांत पुढे असलेल्या जागेला, ‘ध्रुवस्थान’ हा प्रतिशब्द कसा वाटतो?

दुसरे आधी घेतो, कारण ‘ध्रुवस्थान’ ऐकून कान किटले आहेत. कोशात ‘पोल’पुढे ध्रुव दिसला की उचलायचा आणि चिकटवायचा! इंग्रजीत हे एकाच उच्चाराचे दोन निराळे शब्द आहेत. खांबाचा पोल लॅटिन ‘पालुस’वरून आला, म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. ध्रुवाचा पोल ग्रीक ‘पोलोस’वरून, म्हणजे ज्याभोवती फिरायचे तो आस. हा ‘पोलोस’ आपल्या ‘चक्रा’चा आणि म्हणून ‘चाका’चाही दूरचा भाऊबंद. उघड्या चाकांच्या मोटारींच्या खेळात चाकाचाच नातलग सापडल्यावर मोह होणारच, पण शर्यतीतला पोल त्या घरचा नाही.

तो आला घोड्यांच्या शर्यतींतून, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून. धावपट्टीच्या आतल्या कडेला अंतर दाखवणारे खांब असत. त्या खांबांलगत ज्याची जागा, त्या घोड्याला सर्वांत कमी धावावे लागे. वर्तुळात एक मीटर बाहेरून पळा, दर फेरीला सुमारे ६.२८ मीटर वाढतात, मग मैदान लहान असो की मोठे.

इथे संस्कृताभिमानी भागवताचा पंचम स्कंध पुढे करतात. मळणीच्या मेढीला, म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला, जुंपलेली जनावरे तिच्याभोवती फिरतात, तशी नक्षत्रे ध्रुवाभोवती फिरतात, अशी उपमा तिथे आहे. म्हणजे ध्रुव हाच खांब, झाले की काम! मुळीच नाही. त्या उपमेत ध्रुव ही स्वतः मेढी आहे. पोल पोझिशन म्हणजे मेढीलगतची जागा, जिथला बैल सर्वांत कमी चालतो. शिवाय ध्रुव म्हणजे अढळ, आणि पोलवरच्या चालकाला तर शर्यत सुटण्याच्या इशाऱ्याचे दिवे विझताच ती जागा सोडायची असते. ज्या उपमेच्या बळावर हे लोक भांडतात, तीच त्यांना खोडून काढते. मराठी शब्द हवाच असेल तर ‘मेढीची जागा’ घ्या. अर्थ नेमका आहे आणि शब्द खळ्यात मळलेला आहे. ‘अव्वल स्थान’ चुकीचे नाही, पण त्यात खांब कुठेच दिसत नाही.

आतली बाजू नेहमी सोयीची असते असेही नाही. १९९० साली जपानमधल्या सुझुकात चालक आयर्टन सेनाचा पोल उजवीकडे होता, पहिल्या उजव्या वळणाच्या आतल्या अंगाला, अगदी व्युत्पत्तीबरहुकूम. पण मोटारींची नेहमीची वाट डावीकडून, म्हणून पकड तिकडे चांगली आणि उजवीकडे धूळ. सेनाने बाजू बदलून मागितली, मिळाली नाही. दुसऱ्या जागेवरून ॲलन प्रोस्ट पुढे सुटला आणि त्याच वळणावर दोघे एकमेकांवर आदळले.

राहिले ‘मिळवला’ की ‘जिंकला’. ‘मिळवला’च लिहा. पात्रता फेरी, म्हणजे सुटण्याचा क्रम ठरवणारी वेळेची चढाओढ, सहसा शनिवारची, शर्यत रविवारची. ‘जिंकला’ म्हटले की वाचक कोणता निकाल समजणार? १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला पात्रता फेरीत जॅक व्हिलनव, मायकेल शुमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेन्टझेन या तिघांचीही सर्वोत्तम वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद होती. व्हिलनवने ती आधी नोंदवली, म्हणून पोल त्याला. शर्यत जिंकली मिका हॅकिनेनने, व्हिलनव तिसरा आला.