भाताचं तूस, उसाची चिपाडं वापरून कापड कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग निघतो का? प्रोजेक्टला काय घेऊ?

निघतो, पण तूस घ्यायचं का चिपाड हे नंतर ठरवा, आधी रंग कुठला आहे ते बघा.

बहुतेक प्रोजेक्टमध्ये मिथिलीन ब्लू घेतात आणि ९० टक्क्यांच्या वर रंग गेला म्हणून सगळे खूश. तो जाणारच हो, कारण त्या रंगावर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि तूस, चिपाड, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा या सगळ्यात सेल्युलोज-लिग्निन असतं, साध्या पाण्यात त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज येतो, मग रंग आपोआप ओढला जातो. पण सुती कापडाला जास्त करून धाग्याशी पक्के जोडले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात आणि ते निगेटिव्ह! त्यात सांडपाणी अल्कलीचं, पीएच १० च्या आसपास, भरपूर मीठ, आणि कापडाला न चिकटलेला रंग सगळा त्यातच. तिथे कच्चं तूस जवळजवळ काहीच करत नाही. पीएच २-३ वर आणला तर धरतं, पण एवढं पाणी आधी आम्ल घालून उतरवायचं आणि सोडताना परत वर आणायचं, हा खर्च कोणी मोजतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यापेक्षा फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून ४००-५०० डिग्रीला भाजून कार्बन केलात तर बारीक छिद्रं वाढतात आणि बरंच बरं काम होतं, फक्त मग "फुकटचा कचरा" असं लिहू नका.

अजून एक, कच्च्या चिपाडातून स्वतःचाच पिवळट-तपकिरी रंग आणि साखर वगैरे पाण्यात उतरते, म्हणजे रंग कमी झाला तरी सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढू शकतो. म्हणून रंग न घालता नुसत्या पाण्यात चिपाड टाकून एक ब्लँक ठेवाच, आणि वापरायच्या आधी गरम पाण्याने धुऊन वाळवून घ्या.

लँगम्युअर, फ्रॉइंडलिश (पाण्यात किती रंग उरला आणि तुसाने किती धरला यांचा संबंध मांडणारी दोन सूत्रं) दोन्हींचे आलेख काढा, पण त्यातून मिळालेला क्षमतेचा आकडा बीकरमधला आहे, कॉलममधून (तूस भरलेल्या उभ्या नळीतून) पाणी सतत वाहतं तेव्हा क्षमता सहसा कमीच मिळते. जमलं तर खऱ्या सांडपाण्याचं एक तरी सँपल मिळवा.

आणि शेवटी ते रंगलेलं तूस कुठे जाणार ते लिहाच प्लीज, रंग नष्ट झालेला नसतो, पाण्यातून तुसात गेलेला असतो. काही रंगांमध्ये तांबं किंवा क्रोमियम असतं, त्यामुळे ते सरळ बॉयलरमध्ये जाळा किंवा शेतात टाका असं लिहून मोकळं होता येत नाही.