गुडघा बरा झाला, मग मुलगी का सावरत नाही?

खेळणाऱ्या मुलांचे आईवडील समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. दुखापत बरी झाली, रोजच्या जगण्याला काही अडचण येणार नाही असे डॉक्टरांनीही सांगितले, मग मूल खोलीतून बाहेर का येत नाही, आणि त्याची समजूत आम्ही कशी घालावी? या प्रश्नाचे उत्तर मी एका मुलीच्या अनुभवाच्या आधारे देणार आहे. तिची आणि तिच्या घरच्यांची त्याला संमती आहे, आणि तिची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

ही मुलगी तालुक्याच्या गावातली, खो-खो खेळणारी. किशोरी गटापासून ती जिल्ह्याकडून खेळत होती आणि पुढे कुमारी गटात राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचली. संरक्षण ही तिची ताकद होती; खांबाजवळून वेगाने हुलकावणी देत निसटणारी मुलगी म्हणून पंचक्रोशीत तिचे नाव होते. सतराव्या वर्षी असेच वळताना पाय मॅटवर अडकला, गुडघा पिरगळला आणि आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला मैदानावर सगळे एसीएल म्हणतात, तुटला. शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे निदान नऊ महिने तरी स्पर्धात्मक खेळ टाळावा असे सांगितले जाते, कारण कोवळ्या वयाच्या खेळाडूंमध्ये तोच अस्थिबंध पुन्हा तुटण्याचा धोका मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतो. निवड चाचणी जवळ आली म्हणून ती त्याआधीच मैदानात उतरली. पुढच्याच मोसमात तोच गुडघा पुन्हा गेला, या वेळी आतल्या गादीलाही इजा झाली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की चालणे, जिने चढणे, पुढे हळूहळू व्यायाम करणे हे सगळे जमेल, परंतु झटक्याने वळण्याचा आणि सूर मारण्याचा हा खेळ आता थांबवावा, नाहीतर तिशीतच सांध्याची झीज सुरू होईल. तेव्हा तिला एकोणिसावे वर्ष लागले होते.

पहिल्या भेटीत आईच बोलत होती. “मॅडम, पायाला काही झालं नाही आता, तरी ही दिवसभर पडून असते. कुणी मैत्रीण आली तर झोपल्याचं सोंग घेते.” घरच्यांनी आपापल्या परीने सगळे करून पाहिले होते. वडिलांनी नवा फोन आणला. मामांनी मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण दिले, की सांगली जिल्ह्यातला हा जवान मुष्टियोद्धा होता, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि तरीही १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. उदाहरण अस्सल आहे आणि पेटकरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु खेळ सुटून दोन-तीन महिनेच झालेल्या मुलीला हे सांगितले जाते तेव्हा तिला त्यातून धीर मिळत नाही, आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत एवढेच ऐकू येते. पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की थोरांची उदाहरणे काही काळ बाजूला ठेवावीत. मूल स्वतःहून ती शोधू लागेल तेव्हा ती उपयोगी पडतील.

आईला बाहेर बसवून मी मुलीशी एकटीशी बोलले. झोप, भूक, एकाग्रता, रडू येणे, स्वतःला दोष देणे हे सगळे विचारून झाल्यावर, जगणे नकोसे वाटते का, मरणाचे विचार येतात का, हेही मी सरळ शब्दांत विचारले. पालकांना या प्रश्नाची फार भीती वाटते, विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, उलट विचारणारे कोणीतरी भेटले म्हणून मुलांच्या मनावरचे ओझे हलके होते. ती म्हणाली, “सकाळी उठूच नये असं वाटतं. काही करून घेणार नाही, पण असं वाटतं.” उदास मन आणि कशातच गोडी न वाटणे ही लक्षणे झोपेच्या आणि भुकेच्या बिघाडासह सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतांश वेळ टिकत असतील, तर तो निव्वळ दुःखाचा भाग समजून थांबून राहणे योग्य नसते. तिच्या बाबतीत हा काळ दोन आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेला होता. मी तिला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, आणि असे विचार वाढले तर सर्वांत आधी कोणाला सांगायचे हे तिने, आईने आणि मी मिळून ठरवून लिहून ठेवले. औषधाचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, हेही घरच्यांना आधीच समजावून सांगितले, नाहीतर आठवडाभरात ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद होतात.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही जे काम केले ते मला या सगळ्यात महत्त्वाचे वाटते. घरचे म्हणत होते की तिचा खेळ गेला. मी तिला वहीत लिहायला सांगितले की खेळाबरोबर आणखी काय काय गेले, आणि ती यादी तिच्या आईलाच काय, मलाही अपेक्षित नव्हती इतकी लांब झाली.

सर्वांत आधी दिवस गेला होता. पहाटे पाचला उठणे, सराव, शाळा-कॉलेज, पुन्हा संध्याकाळचा सराव, रात्री नऊला झोप, असा वयाच्या दहाव्या वर्षापासूनचा क्रम एका सकाळी संपला आणि चोवीस तास मोकळे पडले. वर्षानुवर्षे कष्टाची सवय असलेल्या शरीराचा व्यायाम एकदम बंद झाला की झोप आणि मनःस्थिती त्यानेही बिघडते, हे बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. दुसरे म्हणजे शरीर. सराव थांबला तरी आई प्रेमाने पूर्वीचाच खुराक देत राहिली, वजन वाढले, आणि लग्नकार्यात कोणीतरी “सुटलीस की गं!” म्हणाले. त्या दिवसापासून ती रात्रीचे जेवण टाळू लागली होती. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तिसरी गोष्ट तिने बऱ्याच उशिरा सांगितली, आणि मुलींच्या बाबतीत ती मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. खेळ होता तोपर्यंत ती ट्रॅकपँट घालून गावातून एकटी जाऊ शकत होती, स्पर्धेसाठी परगावी राहू शकत होती, उशिरा घरी येऊ शकत होती आणि तिच्या लग्नाविषयी कोणी बोलत नव्हते. खेळ थांबल्यावर महिन्याभरातच आजीने स्थळांचा विषय काढला. “खेळत होते म्हणून सगळ्यांनी मोकळं सोडलं होतं, आता काय कारण सांगू?” हे तिचे वाक्य मी तिच्या परवानगीने तिच्या वडिलांपुढे ठेवले. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की स्थळाचा विषय शिक्षण पूर्ण होईपर्यंत घरात निघणार नाही आणि आईला म्हणजे आजीला मी सांगेन. त्यांनी तो शब्द पाळला. इतक्या महिन्यांत तिच्यासाठी घरच्यांनी केलेल्या गोष्टींत ही एक गोष्ट सर्वांत मोलाची होती असे माझे मत आहे, आणि त्यासाठी एक पैसाही लागला नव्हता.

चौथी गोष्ट नोकरीची. आपल्याकडे गावातून खेळणाऱ्या अनेक मुलींच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते, आणि तिथे महिला उमेदवारांना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक द्यावी लागते. गुडघा गेला म्हणजे हाही रस्ता बंद झाला असे तिने कोणालाही न विचारता ठरवून टाकले होते. मी तिला तो प्रश्न डॉक्टरांनाच विचारायला लावला. सरळ रेषेत धावण्याबाबतचा निर्णय वर्षभराच्या फिजिओथेरपीनंतर घेऊ, आज नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही, असे त्यांनी सांगितले. तिने मिळवलेली पदके मात्र गुडघ्याबरोबर गेली नव्हती. राज्य शासनाच्या नोकरभरतीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच दिले जाणारे, आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचा स्तर आणि मिळालेले स्थान पाहिले जाते, पदाच्या गटानुसार अटी बदलतात आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तिची प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर पडली होती. वडील आणि ती दोघे मिळून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात गेले आणि पडताळणीचा अर्ज करून आले. खेळ सोडलेल्यांसाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘रिसेट’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रमही सुरू केला आहे, त्यात वीस ते पन्नास वयोगटातील निवृत्त खेळाडूंचा विचार केलेला आहे. तिला तेव्हा वीस पूर्ण नव्हते. पण तिच्यासारख्यांची कोणीतरी दखल घेतली आहे हे समजल्याचा तिच्यावर परिणाम झाला.

यादीतल्या प्रत्येक नुकसानीची भरपाई वेगळी असते, आणि काहींची होतही नाही. म्हणूनच ‘दुसरं काहीतरी कर’ हा सल्ला मुलांना इतका पोकळ वाटतो. दिवसाचा क्रम परत बसवता येतो: तिच्या फिजिओथेरपीची वेळ आम्ही मुद्दाम सकाळी साडेसहाची ठेवली. आहार कसा असावा हे फिजिओथेरपिस्ट आणि आई यांनी मिळून नव्याने ठरवले. परंतु नऊ मिनिटांच्या डावात पाठलाग करणाऱ्या मुलीला चकवून निसटताना जे वाटायचे, त्याला पर्याय नाही, आणि तो आहे असे मी तिला कधीही सांगितले नाही. त्यासाठी ती माझ्यासमोर पुष्कळ रडली.

प्रशिक्षकांविषयी थोडे बोलायलाच हवे. तिचे सर मनाने चांगले होते. दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा आणि “पाय बरा झाला की ये, पुढच्या मोसमाचं बघू” असे ते म्हणायचे. त्यांना वाटे, पोरीचा उत्साह टिकावा. प्रत्येक फोननंतर ती दोन दिवस आशेवर काढायची आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा खोल जायची. मी सरांना भेटायला बोलावले. त्यानंतर त्यांनी तिच्या घरी येऊन स्पष्ट सांगितले की तू आता खेळणार नाहीस, तुझ्या खेळाने संघाला काय दिले ते मला ठाऊक आहे, आणि तुझ्याशी माझे नाते खेळाडू म्हणूनच होते असे नाही. महिनाभर ती पुन्हा अधिक उदास झाली, आईने मला थोड्या रागानेच फोन केला, पण तिची झोप त्याच महिन्यात सुधारू लागली. पुढे सरांनी तिला गुणलेखनाचे काम देऊ केले आणि पंच परीक्षेचेही सुचवले. तिने नकार दिला. मैदानाच्या कडेला बसून इतरांचे गुण लिहिण्याइतकी ती तयार नव्हती, आणि तो नकार मला योग्य वाटला. घरच्यांना मात्र हातची संधी गेल्यासारखे वाटले होते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. साऱ्या गावाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर त्या आठवड्यात खो-खोच होता. आईने मला विचारले की घरातला टीव्ही बंद ठेवू का. मी म्हणाले, बंद ठेवू नका आणि तिला समोर बसवूही नका; अंतिम सामना आहे एवढे एकदा सांगा आणि तुम्ही बघत बसा. तिने महिलांचा सामना दाराशी उभे राहून निम्मा पाहिला आणि निघून गेली. त्या रात्री ती जेवली.

आज ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लिपिक पदाच्या परीक्षेचा अभ्यास करते, मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध हळूहळू कमी होत आहे आणि मोसमाच्या तोंडावर तिला अजूनही त्रास होतो. अभिनव बिंद्रासारख्या खेळाडूनेही २००८ च्या ऑलिम्पिक सुवर्णानंतर आपल्याला आलेल्या रितेपणाविषयी जाहीरपणे सांगितले आहे. शिखरावर पोहोचलेल्याला हे चुकत नसेल, तर अर्ध्या वाटेवरून परतलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला वर्षभरात सावरण्याची घाई कोणी करू नये.

डॉक्टर ज्या दिवशी खेळ थांबवायला सांगतील, त्याच आठवड्यात मुलाला समुपदेशकाकडे आणावे, लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. जवळ कोणी नसेल तर टेली-मानस ही शासनाची निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मूल मरणाविषयी बोलू लागले, जेवण पूर्ण सोडले किंवा स्वतःला इजा करून घेतली, तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जावे.