म्यूट करून बघ

अगं, तुझा रात्री दीडचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेताना ऐकला. ऑडिशनला म्हणाले "फार थिएटर होतंय, कमी कर", आणि तेव्हापासून तू कमी म्हणजे नक्की किती याचाच हिशोब करत बसलीयेस.

कमलाबाई गोखले माहितीयेत ना? विक्रम गोखलेंची आजी एवढंच माहिती असेल तर ते पुरे नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात त्या मोहिनी झाल्या, जेमतेम तेरा वर्षांच्या, आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वती. त्याच वर्षी आधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके, हॉटेलात स्वयंपाक करणारा माणूस, साडी नेसून उभा राहिला होता! तर कमलाबाई नाटकातल्या, आणि तो काळ संगीत नाटकाचा, म्हणजे सगळा भरवसा गळ्यावर, माईक नाही काही नाही, शब्द मागच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे. आणि समोर आला हाताने फिरवायचा कॅमेरा, ज्याला कानच नाहीत. मग उरलं काय, तर डोळे, मान, हात, चाल.

तुझं नेमकं इथेच अडतंय. तालमीत बघते ना मी, रडायचा सीन आला की गळा लगेच दाटतो आणि हात मात्र बसची वाट बघत असल्यासारखे लटकतात. कमी कर म्हणजे आवाज कमी कर गं, आतलं नाही.

'कालिया मर्दन' बघ, १९१९ चा. सुरुवातीलाच फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, बाकी काही नाही. एवढंच चार वेळा बघ. मग तुझा ऑडिशनचा सीन मोबाईलवर शूट कर, म्यूट कर आणि आईला दाखव, काय चाललंय ते तिला कळलं तर ठीक.

आणि नाटक सोडू का, हे मला विचारू नकोस. कमलाबाईंचा नवरा लवकर गेला, पदरात तीन मुलं, त्यांनी स्टेजवर पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या, सिनेमाही केला. काम आलं की करायचं. तुला निवडायला दोन गोष्टी आहेत म्हणून तुला झोप येत नाहीये, बाकी काही नाही (चिडू नको).

शनिवारी सहाला भरत नाट्यपाशी ये, व्हिडिओ घेऊन. फोन चार्ज करून आण, मागच्या वेळी ऐन सीनमध्ये बंद पडला होता.