बास फिशिंग सुरू करायचंय, रॉड-लूर कोणते घेऊ? आणि पकडलेला मासा लोक परत का सोडतात?

प्रश्न असा आहे: "डॅलसला नवीन आलोय, बास फिशिंग सुरू करायचंय. रॉड, रील, लूर काय घ्यावं, बोट लागते का? आणि इथले लोक एवढा मोठा मासा पकडून परत पाण्यात सोडतात ते खरंच का, आणि कशासाठी?"

बास म्हणजे इथल्या तळ्यांतला गोड्या पाण्याचा शिकारी मासा. सामानाचं पटकन सांगून टाकतो, कारण मला शेवटच्या भागावर बोलायचंय. त्यावरून आमच्या घरात तीन वर्षं झाली भांडण चालूये.

७ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साइजचं रील, १० पाउंडाची लाइन. लूर म्हणजे खोटं आमिष, त्यात पाच इंची मऊ प्लास्टिकचे वर्म (गांडुळं), सेंको म्हणतात ते, हिरवट पंपकिन रंगाची एकच पिशवी. १/० आणि ३/० चे थोडे हुक, पाव औंसाच्या चार-पाच बुलेट वेट, म्हणजे गोळीच्या आकाराची वजनं. झालं. बेटकास्टर, म्हणजे ते आडव्या फिरकीचं रील, जमायला अवघड, ते घेऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी. दुकानातला माणूस घ्यायला लावेल, यूट्यूबवाला लावेल, आणि माझा साडू भेटला तर तो तर लावेलच. अजिबात घेऊ नका.

हा साडू मूळचा रत्नागिरीकडचा. मी भिगवणच्या बाजूचा, उजनीच्या पाण्यावर वाढलेला. एवढ्यावरून ज्याला कळायचं त्याला कळलं असेल. ह्याच्या मते मासा म्हणजे समुद्राचा, पापलेट, सुरमई, बांगडा, बाकी सगळा चिखल. लग्नात पहिल्यांदा ओळख झाली तेव्हा मला म्हणाला, "तुमच्याकडे ते चिलापी खातात ना?" आणि हसला. पंधरा वर्षं झाली, ते हसणं मी विसरलेलो नाहीये.

तर तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही दोघं लेक फोर्कला गेलो. डॅलसपासून पूर्वेला दीड तास. बासच्या जगात हे तळं म्हणजे पंढरपूर समजा, टेक्सासचा रेकॉर्ड बास, १८.१८ पाउंडाचा, १९९२ साली इथेच निघाला. गंमत म्हणजे हे धरण १९८० चं आणि आमची उजनी पण १९८० चीच. तिथे पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, इथे पाण्यात उभी वाळलेली झाडं आहेत, धरण भरलं तेव्हा तोडलीच नाहीत. पाणी भरायच्या आधीपासूनच त्यात फ्लोरिडा जातीचे बास सोडले होते, म्हणून इथले मासे असे दणकट.

साडू नवीन बेटकास्टर घेऊन आला, रॉड आणि रील मिळून चारशे डॉलर. आणि लूरचे तीन डबे. क्रँकबेट, स्पिनरबेट, जिग, चकाकणारं, खुळखुळणारं, सगळं. मी माझा वॉलमार्टमधला अग्ली स्टिक नावाचा साधा रॉड आणि वर्मची एक पिशवी. आदल्या रात्री कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेचा झोत, येऊन गेला होता, सकाळी आभाळ निळंशार, वारा गार. नवीन माणसाला वाटतं वा काय छान दिवस. फिशिंगला यापेक्षा वाईट दिवस नसतो. मासा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसतो, समोरून लूर गेला तरी ढुंकून बघत नाही.

साडूने पहिलाच कास्ट वाऱ्याच्या तोंडावर मारला आणि रीलमध्ये लाइनचा गुंता असा झाला की चिमणीचं घरटं परवडलं. वीस मिनिटं ते सोडवण्यात. मग दुसरा. मधेमधे जमायचं, पण दर दहा मिनिटांनी लूर बदलायचा. मी सांगितलं की बाबा रे, माशाला रंग बदलून फरक पडत नाहीये, तो जागेवरून हलणार नाहीये, तुला त्याच्या नाकासमोर नेऊन ठेवायचंय आणि मग काहीही करायचं नाहीये. ते 'काहीही करायचं नाही' लोकांना जमतच नाही. सेंको मधोमध हुकमध्ये अडकवायचा (याला वॅकी म्हणतात, दिसतो पण तसाच), बुंध्याजवळ टाकायचा आणि हात स्थिर. तो दोन्ही टोकं हलवत आपोआप खाली जातो. लाइन बघत बसायचं. हाताला झटका बसेलच असं नाही, बऱ्याचदा लाइन नुसती बाजूला सरकते. सरकली की रॉडला हिसका मारायचा. झाडी दाट असेल तर टेक्सास रिग लावा, ३/० चा हुक, पुढे बुलेट वेट आणि हुकचं टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं, म्हणजे अडकत नाही.

साडेअकरापर्यंत दोघांना काही नाही. शेवटी त्याने चिडून माझ्याकडून एक वर्म मागितला. मी त्याच्या लाइनला बांधून दिला, पालोमार गाठ मारून, हे लक्षात ठेवा, गाठ माझी होती. त्याने टाकला, आणि फोन वाजला म्हणून खिशात हात घातला. म्हणजे पहिल्यांदाच त्याने 'काहीही न करणं' जमवलं. लाइन सरकली. मी ओरडलो, मार! त्याने मारला. आणि काय सांगू, तो मासा दोनदा पाण्याबाहेर आला, तोंड उघडून डोकं झाडत, बास जसा झाडतो तसा, आणि बोटीत घेतला तेव्हा साडूचे हात थरथरत होते. साडेएकोणीस इंच. पोटाला हात लावला तर टणक, अंड्यांनी भरलेली मादी.

साडू म्हणाला, "आठ माणसं आहेत संध्याकाळी जेवायला."

आता लेक फोर्कचा नियम ऐका. १६ इंच आणि त्याखालचा बास ठेवता येतो. २४ किंवा त्यावरचा दिवसाला एकच. मधला, म्हणजे १६ ते २४ मधला, तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा. याला स्लॉट म्हणतात. साडेएकोणीस म्हणजे बरोब्बर मध्ये. मी सांगितलं. तो म्हणाला कोण बघतंय. मी म्हटलं गेम वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम बघणारा सरकारी माणूस, धक्क्यावर आइसबॉक्स उघडून बघतो. तो म्हणाला, बघू दे. मग म्हणाला निदान फोटो तरी काढ, आणि फोन शोधायला वळला, आणि मी मासा पाण्यात सोडला.

तेव्हापासून त्याचं म्हणणं असं की मी मुद्दाम सोडला, फोटोच्या आधी. आणि दर दिवाळीला, दर बारशाला, दर मंडळाच्या गणपतीला तो लोकांना विचारतो, "पकडायचा आणि सोडायचा, हा काय खेळ झाला? पोट भरलेल्या लोकांची नाटकं." चार जण माना डोलावतात. मी गप्प बसतो, कारण बायकोने दम दिलेला असतो.

इथे मात्र गप्प बसणार नाही. सोडण्याची पद्धत काही जुनीपुराणी नाही, आणि नाटक तर नाहीच. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६७ साली बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा मेलेल्या माशांच्या माळा वजनकाट्यावर यायच्या. त्यानेच १९७२ पासून सांगायला सुरुवात केली की मासा जिवंत आणा आणि परत सोडा, कारण त्याला दिसत होतं की असंच चाललं तर खेळायला मासाच उरणार नाही. १३ पाउंडाचा बास व्हायला साधारण दहा वर्षं लागतात आणि एवढे मोठे बास सगळे माद्याच असतात. ती एक मारलीत तर तुमचं एक जेवण होतं आणि तळ्याची दहा वर्षं जातात. टेक्सासचं सरकारी खातं तर १९८६ पासून अशा १३ पाउंडी माद्या लोकांकडून घेऊन त्यांची पैदास करतात.

आणि हे मला अमेरिकेत येऊन कळलं असंही नाही. माझे चुलते, नाना, मरळ धरायचे. बेडकाच्या पाठीला गळ लावून शेवाळावर टाकायचे. (तसाच पोकळ रबरी बेडूक इथे मिळतो, उन्हाळ्यात कमळाच्या पानांवरून ओढत आणायचा, बास खालून फोडून वर येतो. बसल्या बसल्या लगेच हिसका देऊ नका, 'एक दोन' म्हणा मग मारा. हे पण नानांचंच.) पण पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला की नाना गळ गुंडाळायचे. खाली आईबाप राखण करत असतात. मी लहानपणी एकदा हट्ट केला तर म्हणाले, "पोरं वाऱ्यावर सोडतो का रं?" बासचं तसंच, नर घरट्यावर बसून राखण करतो, त्याला उचललात की ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन अंडी साफ करतात. वसंतात काठाजवळच्या उथळ पाण्यात ताटाएवढी स्वच्छ गोल जागा दिसली आणि त्यावर मासा थांबलेला दिसला तर त्याला छेडू नका. कायद्याने चालतं इथे, मला चालत नाही.

आता तुम्हाला वाटेल मी सोडणाऱ्यांच्या पार्टीतला. तर नाही. मागच्या वर्षी त्याच लेक फोर्कला मी १५ इंची दोन बास ठेवले, पूर्ण नियमात, तर धक्क्यावर एक गृहस्थ, साठ हजाराची बोट, अंगभर स्टिकरवाला शर्ट, मला म्हणतो, आम्ही इथे बास खात नाही. असं बघितलं जसं मी कुणाचं कुत्रं मारलंय. मी त्याला विचारलं की जॉर्ज पेरी माहितीये का. माहिती असणारच. १९३२ साली जॉर्जियात २२ पाउंड ४ औंसाचा बास पकडला, आजपर्यंत तो रेकॉर्ड कुणी मोडला नाही, २००९ मध्ये जपानच्या बिवा तळ्यात एकाने बरोबरी केली तेवढीच. तर त्या पेरीने मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस होते, खाणार नाही तर काय करणार. गृहस्थ काही बोलले नाहीत, बोट पुसत बसले.

स्लॉटचा हिशोबच मुळात असा आहे की छोटे खा, मधले वाढू द्या. छोट्यांची गर्दी झाली की कुणालाच पुरेसं खायला मिळत नाही आणि सगळे खुरटे राहतात. म्हणजे छोटा बास खाल्ला तर तळ्याचं भलंच. शिवाय म्हाताऱ्या मोठ्या माशात पारा साठलेला असतो, लहानात कमी. साडू मोठा खायला निघाला होता आणि शर्टवाले साहेब छोटा पण खाऊ देत नव्हते, दोघंही सारखेच चुकीचे.

आणि चिखलाच्या वासाचं, ते साडूचं लाडकं. धरल्यावर लगेच कल्ल्यातून रक्त काढा, बर्फात ठेवा, घरी आल्यावर साल पूर्ण काढा. वास सालीत आणि कडेच्या लाल मांसात असतो. मग हळद-मीठ-लिंबू अर्धा तास, आणि आमच्याकडचं झणझणीत कालवण, भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, येसर, नारळाचं दूध बिलकुल नाही. मागच्या गणपतीनंतर साडूला काय आहे ते न सांगता वाढलं होतं. दोनदा घेतलं. मग सांगितलं. म्हणाला, "मसाला चांगला होता."

आईला फोनवर सांगायला गेलो ते वेगळंच. "कुठला मासा केला रे?" "बास." "अरे बास काय, सांग की." पाच मिनिटं हेच.

सोडायचाच असेल तर नीट सोडा. हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. अंगठा खालच्या जबड्यात, दात पॉलिश पेपरसारखे असतात, घाबरू नका. मोठा असेल तर नुसता जबड्याने आडवा लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली. हुक खोल गेला असेल तर ओढत बसू नका. फोटो काढायचा तर फोन आधी तयार ठेवा, मासा पाण्याबाहेर जास्त वेळ नको.

हो, इथे एक कबूल करतो. त्या दिवशी फोन काढेपर्यंत दहा सेकंद मला थांबता आलं असतं. मासा काही मरत नव्हता. मला सकाळपासून एकही लागला नव्हता, आणि माझ्या वर्मवर, माझ्या गाठीवर त्याला साडेएकोणीस इंची लागला होता. हे त्याला सांगितलेलं नाहीये. त्याला मराठी टाइप केलेलं वाचायचा कंटाळा आहे म्हणून इथे लिहितोय.

बोटीचं राहिलं. लागत नाही. टेक्सासच्या स्टेट पार्कांत काठावरून फिशिंगला लायसनही लागत नाही, पार्कची एंट्री भरली की झालं, तुम्हाला रे रॉबर्ट्स तळ्याचं पार्क जवळ पडेल. बाकी ठिकाणी लायसन काढा, आणि मी वर सांगितलेले इंच फक्त लेक फोर्कचे आहेत, प्रत्येक तळ्याचे वेगळे असतात, जायच्या आधी बघून घ्या. उन्हाळ्यात गवतात पाय टाकताना खाली बघा, कॉटनमाउथ साप असतो, विषारी आहे. आणि वर्म फाटले की पाण्यात फेकू नका, तीन इंचाचा तुकडा राहिला तरी जपून ठेवा, थंडीत छोट्या हुकवर तोच जास्त चालतो.